फॉर्मॅलिनमधले उंदीर

सरांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याला आधी वाटलं, मागून कुणाचा तरी धक्का लागला. एकतीस वर्षांत सरांचा हात त्याच्या अंगाला कधी लागला नव्हता. स्लाइडची पेटी देताघेताना बोटाला बोट लागलं असेल तेवढंच, आणि त्यातही त्याची ती पिवळी पडलेली नखं बघून सर पेटी पलीकडच्या टोकानं धरायचे. आज मात्र हात नीट, पंज्यासकट खांद्यावर बसला होता. जड होता, गरम होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. लिफ्टचा आकडा पाचवर अडला होता. "घरी सगळं ठीक?" सरांनी विचारलं. हेही पहिल्यांदाच. त्यानं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. मग सरांनी दुसऱ्या हातातला लिफाफा त्याच्या एप्रनच्या खिशात सरकवला, जसा आजोबा नातवाच्या खिशात खाऊ सरकवतात तसा, आणि म्हणाले, "वाच, सही कर, उद्या अकरापर्यंत आणून दे. घाई नाही." अकरापर्यंत, आणि घाई नाही. लिफ्ट आली. सर आत गेले आणि दार मिटेपर्यंत त्याच्याकडे बघून हसत राहिले. हात उचलला गेला तरी खांद्यावरचं वजन काही उतरलं नाही.

लिफाफा त्यानं आपल्या खोलीत येऊन उघडला. खोली म्हणजे एक लांबट बोळ. एका भिंतीला मेण वितळवायची भट्टी, दुसरीला काप काढायचं यंत्र, मध्ये त्याचं स्टूल. मेणाचा गोडसर, कोंदट वास, जो त्याच्या शर्टांना, केसांना, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या घोरण्यालासुद्धा यायचा. कागदावर चारच ओळी होत्या. बावीस वर्षांपूर्वीच्या अभ्यासात गवताळ रानातल्या उंदरांचे वृषण मी नेहमीच्या पिवळ्या द्रावाऐवजी फॉर्मॅलिनमध्ये ठेवले. ही गोष्ट मी मुख्य संशोधकांना कळवली नाही. माझ्या निष्काळजीपणामुळे निष्कर्षात आलेल्या चुकीबद्दल मला मनापासून खेद आहे. खाली टिंबटिंबांची रेघ आणि रेघेखाली त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकही चूक न करता टाइप केलेलं. या इमारतीत ते नाव कुणाला ठाऊक असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पोरं त्याला तोंडावर काका म्हणायची आणि वळला की पिवळ्या. सर तर नुसतं "अरे" म्हणायचे. एकतीस वर्षं अरे, आणि गुन्हेगार म्हणून उभं करायची वेळ आली तेव्हा बरोबर पूर्ण नाव सापडलं.

त्याला राग आला होता का? त्याला स्वतःलाच नक्की कळेना. रागाची त्याला सवय नव्हती. त्याचा राग दाढेत यायचा. वरची दाढ खालच्या दाढेवर बसायची आणि कानामागे काहीतरी टकटक करू लागायचं. आता ते टकटकत होतं. निष्काळजीपणा! त्यानं तो शब्द तीनदा वाचला. मेणाच्या ठोकळ्यातून एका केसाच्या जाडीत दहा काप बसतील इतके पातळ काप काढायचे, एकाला एक चिकटून ते पात्यावरून फितीसारखे उतरायचे, त्या फितीवर श्वास पडला तरी ती उडायची. म्हणून काप काढताना तो श्वास धरायचा. एकतीस वर्षांत त्यानं किती तास श्वास धरला असेल त्याचा हिशेब लावला तर माणूस दोनदा मरून जाईल. आणि या हातांना निष्काळजी म्हणायचं, ते कुणी? ज्यानं उभ्या आयुष्यात एक सरळ काप काढला नाही त्यानं. त्यानं कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. मग काढला. मग पुन्हा ठेवला.

सगळं उकरून काढलं होतं ते नव्या बाईंनी. नवी बाई म्हणजे दोन वर्षांपूर्वी विभागात आलेली संशोधक. तिशीची, बारकी, बोलायला फटकळ, पण त्याला न चुकता "काका, चहा घेतलात?" विचारणारी. तिला सरांचं ते प्रसिद्ध काम पुढे न्यायचं होतं. सरांचं काम सगळ्या जगात माहीत होतं, निदान त्या विषयातल्या जगात. ते त्यालाही पाठ होतं. सरांच्या व्याख्यानाला मागे प्रोजेक्टरपाशी बसून स्लाइड सरकवायचं काम त्याचंच असायचं. सर सुरुवात नेहमी एकाच जागेवरून करायचे. पडद्यावर गोरिल्ला. "केवढा हा प्राणी! छाती बघा. पण वृषण? वाटाण्याएवढे म्हणणार नाही, पण अब्रू जाण्याइतके लहान." मग चिंपांझी. "गोरिल्लाच्या चौथाई वजनाचा. आणि वृषण चौपट." पोरं हसायची. पोरी एकमेकींकडे बघायच्या. सर हसू ओसरू द्यायचे आणि मग आवाज खाली आणून सांगायचे, "गोरिल्लाची लढाई बाहेर होते, दातांनी, छातीनं. जिंकला तो सगळ्या माद्यांचा धनी. आत शांतता. चिंपांझीची मादी मात्र एका दिवसात अनेकांजवळ जाते. तिथे लढाई आत आहे. ज्याचे शुक्राणू जास्त त्याची शक्यता जास्त. मग निसर्ग काय करतो? कारखाना वाढवतो." कारखाना म्हणताना सर मागे बघून चुटकी वाजवायचे आणि तो पुढची स्लाइड टाकायचा. त्यानं कापलेली, त्यानं रंगवलेली. जांभळ्या-गुलाबी गोल गोल नलिका, प्रत्येक नलिकेत काठापासून मध्याकडे पिकत जाणाऱ्या पेशी, आणि मध्यभागी शेपट्यांचा झुपका. उंदराच्या दोन जाती. एक धान्याच्या कोठारात झुंडीनं राहणारी, तिथे सगळेच सगळ्यांचे. दुसरी डोंगरावरच्या गवतात जोडीजोडीनं राहणारी. पहिलीच्या वृषणात नलिका अशा खच्चून भरलेल्या की मध्ये सुई जायला जागा नाही. दुसरीत नलिका विरळ, मध्ये पांढऱ्या फटी. "शंभरात ब्याण्णव भाग कारखाना," सर म्हणायचे, "आणि इकडे फक्त एकाहत्तर. स्पर्धा नाही, तर कारखान्याची एवढी जागा रिकामी." टाळ्या. तो दिवा मालवायचा.

फटी. त्या फटींचंच सगळं होतं. नव्या बाईंनी जुन्या पेट्या काढल्या आणि त्याला हाक मारली. "काका, हे बघा. या उंदरांच्या नलिकांच्या कडा बघा. फाटल्यासारख्या सुटल्यात. हे उंदराचं नाही, हे द्रावाचं आहे. फॉर्मॅलिन ना?" त्याला मायक्रोस्कोपला डोळा लावायचीही गरज नव्हती. तो म्हणाला, "हो." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं?" तो पेटीतल्या स्लाइड सरळ करू लागला. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे एका जातीला पिवळा द्राव, नलिका फुगून जागच्या जागी. दुसरीला फॉर्मॅलिन, नलिका आकसून एकमेकींपासून सुटलेल्या. आणि ती मोकळी जागा आपण उंदराच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडली." मग ती हसली, पण ते हसू नव्हतं. "सरांचा विचार खोटा नाही काका. वजनं खरी आहेत, चिंपांझी खरा आहे. हा आकडा तेवढा खोटा. आणि पंधरा देशांतली पुस्तकं हाच आकडा छापून बसलीत. शिवाय जोडीनं राहतात म्हणजे एकनिष्ठ, हे कुणी ठरवलं? मादीला कुणी विचारलंच नाही. तिचं काही मोजलंच नाही कुणी." हे ती सहज म्हणाली आणि पेटी बंद करायला लागली. त्याच्या दाढा तेव्हाच एकमेकींवर बसल्या होत्या. का, ते त्याला तेव्हा कळलं नाही, किंवा कळू द्यायचं नव्हतं.

घरी जायला तो चालतच निघाला. चालल्यानं राग जिरतो असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. हे लिहिणाराला कधी राग आला नसावा. पावलागणिक खिशातला कागद कुरकुरत होता आणि पावलागणिक त्याला जुनं आठवत होतं, तेही तारीखवार. गवतातले उंदीर पकडायचा तळ डोंगरावर होता आणि सर स्वतः गेले होते. पिवळ्या द्रावातली ती पिवळी पूड वाळली तर स्फोट होतो, म्हणून ड्रायव्हरनं बाटली गाडीत घ्यायला साफ नकार दिला होता. "माझी पोरंबाळं आहेत साहेब," असं तो म्हणाला होता म्हणे, आणि सरांनी परत आल्यावर हा किस्सा चहाच्या टेबलावर नक्कल करून सांगितला होता. सगळे हसले होते, तोही. मग डबे उघडले तर नाकात फॉर्मॅलिन घुसलं. तो डबा हातात घेऊन तसाच जिन्यात धावला होता. सर खाली उतरत होते. "सर, हे फॉर्मॅलिनमध्ये आहेत. कोठारातले पिवळ्यात आहेत. दोघांची तुलना नाही करता येणार. फॉर्मॅलिननं फटी पडतात." सरांनी घड्याळात बघितलं होतं. "अरे, फट म्हणजे फट. तू मोज." आणि मग दोन पायऱ्या उतरून, वळून, हसत: "तू काय, विचार करायला लागलास की काय?" जिन्यात आणखी दोघं होते. तेही हसले. आणि तो मोजत बसला. एका उंदरामागे दोनशे नलिका. वहीत प्रत्येक डब्यापुढे त्यानं फॉर्मॅलिन असं स्पष्ट लिहिलं. लिहिलं, की आपलं काम झालं. ती वही आता सरांच्या टेबलावर होती. अक्षर कुणाचं? त्याचं. मग द्राव कुणी बदलला? ज्याचं अक्षर त्यानं. इतकं सोपं होतं ते. त्यानं खरं लिहिलं नसतं तर आज तो सुटला असता.

आणि हे सगळं का, तर एका आकड्यासाठी. नव्या बाईंचा लेख पुढच्या महिन्यात समितीपुढे जाणार. त्यानं सही केली, की ती नोकराच्या हातची किरकोळ चूक होणार. दोन ओळींची दुरुस्ती छापून येणार आणि सर कोरडे ठणठणीत. नाही केली तर सरांना सांगावं लागणार की आपल्याला माहीत होतं. रस्त्यात एका दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. खांदा एका बाजूला उतरलेला, तोंड आवळलेलं. त्याला स्वतःचीच चीड आली. रागावलेला माणूस कसा दिसायला हवा? हा तर बस चुकलेला माणूस दिसत होता.

सही करून टाकावी, असंही एकदा मनात आलं. खोटं का बोला. तीन महिन्यांनी निवृत्ती. कोण वाचणार आहे? गप्प बसणं त्याला जमायचं. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि इथेच, चौकात, गाड्या थांबलेल्या असताना रस्ता ओलांडायचं सोडून तो उभा राहिला. ती दुपार त्याच्यासमोर आली. बोलावल्याशिवाय यायची नाही अशी तिला सव्वीस वर्षं शिस्त लावली होती, पण आली. सुट्टीची दुपार, विभाग रिकामा. लग्नाला आठ वर्षं झालेली. बायकोचं एक ऑपरेशन होऊन गेलेलं, आणि आई रोज स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलावं तसं बोलायची, "शेजारच्या सुनेला तिसरं. काही बायकांची कूसच कोरडी." त्या दुपारी त्यानं खोलीला आतून कडी लावली. जे उंदरांचं रोज करायचा ते स्वतःचं केलं. शुक्राणू मोजायची, चौकोन आखलेली काच घेतली, थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. आखलेले चौकोन स्वच्छ होते. एक चौकोन, दुसरा, तिसरा, सगळे. त्यानं जागा सरकवली, प्रकाश वाढवला. कोठारातल्या उंदराच्या थेंबात इतके असायचे की मोजायला तो शंभरपट पातळ करावा लागायचा. इथे पातळ करायला काही नव्हतं. त्यानं तीन थेंब बघितले. मग काच स्पिरिटनं पुसली, फडताळात जागेवर ठेवली, कडी काढली. त्या दिवशीची वहीतली ओळ कोरी. जो माणूस पुढे सरांच्या डब्यापुढे फॉर्मॅलिन लिहायला विसरला नाही, त्यानं हे कुठे लिहिलं नाही. सांगू, सांगू म्हणत राहिला. आधी आईसमोर कसं सांगायचं म्हणून. मग आई आजारी म्हणून. मग आई गेली, आणि आता उशीर झाला म्हणून.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. "काका, झोपलात का?"

घरी बायको खिडकीपाशी मशीनवर बसली होती. ती कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची पँट आखूड, कुणाचा कोट सैल. आता मांडीवर एक पँट घेऊन ब्लेडनं शिवण उसवत होती. संध्याकाळचा उजेड होता. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "कुणी गेलं का?"

"नाही."

"मग तोंड का असं?"

त्यानं लिफाफा तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा वर सरकवून, ओठ हलवत चारही ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

"हे खोटं आहे."

"हो."

"तुम्ही त्यांना जिन्यात सांगितलं होतं. मला आठवतंय ना. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना फॉर्मॅलिन, झोपताना फॉर्मॅलिन."

"हो."

"आणि आता हा माणूस स्वतःची घाण तुमच्या अंगाला पुसतोय?" तिचा आवाज चढला. ती फारशी चिडायची नाही. चिडली की तिच्या मानेवर लाल डाग उठायचे. ते उठले. "जन्मभर मान खाली घालून ज्यानं काम केलं त्याच्या माथी मारायचं, आणि वर खांद्यावर हात ठेवून! लाज नावाची चीज नाही? माहीत असून गप्प बसायचं, दुसऱ्याला बोल खाऊ द्यायचे, आणि आपण टाळ्या घेत फिरायचं. असा माणूस असतो तरी कसा हो? झोप कशी लागते त्याला?"

"लागते," तो म्हणाला.

"काय?"

"झोप. लागते. आधी थोडे दिवस लागत नाही. मग लागते."

ब्लेड थांबलं. ती त्याच्याकडे बघू लागली. आता मागे फिरता आलं असतं. सरांबद्दल बोलतोय म्हणता आलं असतं. ती त्याच्या बाजूनं रागावली होती, आणि त्याच्या बाजूनं कुणी रागावावं असा प्रसंग आयुष्यात कितीदा येतो? ते लाल डाग त्याच्यासाठी होते. ते आणखी घटकाभर तसेच राहावेत असं त्याला फार वाटलं. पण दाढा सुटल्या. त्यानं सांगितलं. सांगायला जेमतेम मिनिट लागलं. सव्वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट इतकी आखूड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

तिनं मांडीवरच्या पँटची सुरकुती हातानं सरळ केली. मग म्हणाली, "कशावर बघितलंत?"

"काचेवर. मोजायच्या."

"किती होते?"

"एकही नाही."

"एकदाच बघितलंत?"

"तीनदा."

तिनं मान हलवली, जणू गिऱ्हाइकानं कमरेचं माप सांगितलं. ब्लेड मशीनवर ठेवलं. मग विचारलं, "माझं दुसरं ऑपरेशन. त्याच्या आधी की नंतर?"

हा प्रश्न येईल हे त्याला माहीत होतं. सव्वीस वर्षांत हा एकच प्रश्न त्यानं मनातल्या मनात वेगवेगळ्या आवाजात ऐकला होता, रडून विचारलेला, ओरडून विचारलेला. असा साधा विचारलेला कधी ऐकला नव्हता.

"आधी," तो म्हणाला. "आठ महिने."

"आठ महिने." ती खिडकीबाहेर बघत होती. "आई बोलायच्या ना, तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचात. पान उलटल्याचा आवाज यायचा मला. मी म्हणायची, ऐकू येत नसेल. नाहीतर हा माणूस उठून आला असता." तिनं पँट झटकली. धाग्यांचे तुकडे जमिनीवर पडले. मग ती उठली, लिफाफा त्याच्या हातात दिला आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दार आपटलं नाही. कडी मात्र लावली. बाहेर तो उसवलेल्या धाग्यांमध्ये उभा होता. रागावायला सर होते, पण आता सरांवर रागावायला गेला की मध्येच स्वतःचं तोंड येत होतं, आणि राग पुढे सरकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना तो सरांच्या खोलीत शिरला. सर खुशीत होते. "आणलंस? ये, बैस." बैस हेही नवीन. तो उभाच राहिला. त्यानं कागद टेबलावर ठेवला. टिंबटिंबांची रेघ तशीच कोरी.

"पेन नाही का?" सर म्हणाले.

"पेन आहे."

सर मागे रेलले. "हे बघ, मला कळतं, तुला लागलं असेल. पण व्यवहार बघ. तुझे तीन महिने राहिलेत. मानानं जाशील. समारंभ करू, मी स्वतः बोलेन तुझ्यावर. आणि खरं सांगू? तुझ्या नावाला कोण ओळखतं? माझ्या नावावर विभाग उभा आहे. तुझ्या नावाचं काय बिघडणार आहे?"

"म्हणूनच पूर्ण टाइप केलंत का?" त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. पातळ होता, पण तुटत नव्हता. "डबे तुम्ही आणलेत. ड्रायव्हरनं बाटली घेतली नाही म्हणून फॉर्मॅलिन तुम्ही घातलंत. मी जिन्यात तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, विचार करायला लागलास की काय. दोन माणसं हसली."

"पुरावा आहे?"

"नाही."

"वहीतलं अक्षर कुणाचं?"

"माझं. त्या अख्ख्या अभ्यासात तेवढंच खरं आहे."

सरांचं तोंड काळंनिळं झालं. "बाहेर हो," ते म्हणाले, अगदी हळू. आणि तो बाहेर झाला, हेही खरं. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. तो नव्या बाईंच्या टेबलापाशी गेला आणि एक कोरा कागद मागून घेतला. उभ्यानंच लिहिलं. कोणत्या तारखेला डबे आले, वास कसला होता, कुणाला कुठल्या जिन्यात काय सांगितलं. सगळ्यात शेवटी लिहिलं: हे चूक आहे हे मला तेव्हापासून माहीत होतं, तरी मी मोजत राहिलो आणि बावीस वर्षं गप्प बसलो. खाली सही केली, पूर्ण नावानिशी. बाईंनी वाचलं. "काका, शेवटचं वाक्य काढा. तुम्ही अडकाल. ते तुम्हालाही सोडणार नाहीत."

"राहू दे."

"अहो पण गरज काय? तुम्ही लहान माणूस होतात. तुमचं कोण ऐकणार होतं?"

ती प्रेमानं म्हणाली होती, पण त्याच्या कानामागे टकटकलं. लहान माणूस. किती सोयीचं होतं ते. आईपुढे लहान, सरांपुढे लहान. आणि घरात एक जण होती जिच्यापुढे तो लहान नव्हता, तिथे काय केलं? "ऐकलं नसतं," तो म्हणाला. "पण मी दुसऱ्यांदा सांगितलंच नाही." कागद तिच्याकडे ठेवून तो निघाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो भर दुपारी, रजा न टाकता घरी गेला.

दार उघडंच होतं. मशीन बंद. जेवायच्या टेबलावर कागद पसरले होते. दवाखान्यांचे रिपोर्ट, पिवळट झालेले, घड्यांवर फाटलेले, काहींना गंजक्या टाचण्या. हे सगळं तिनं जपून ठेवलं आहे हे त्याला माहीत नव्हतं. तिनं ते तारखांप्रमाणे लावले होते. समोरची खुर्ची ओढून ठेवलेली होती. तो बसला. तिनं सरांचं काय झालं ते विचारलं नाही. पहिला कागद उचलला, तारीख वाचली आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "तेव्हा माहीत होतं?"

"नाही."

तो कागद डावीकडे गेला. दुसरा. "तेव्हा?"

"नाही."

तिसरा गर्भाशयाच्या नळ्या फुगवून बघितल्याचा होता. त्या दिवशी ती टॅक्सीतून वाकून उतरली होती, आणि तो भाडं देत होता. "नाही," तो म्हणाला. मग तारखा त्या दुपारच्या पुढे गेल्या. "तेव्हा?" "हो." "तेव्हा?" "हो." कागद उजवीकडे पडू लागले. रक्ताचे, सोनोग्राफीचे, भूल दिल्याचे, टाके काढल्याचे. प्रत्येक हो नंतर ती कागदाची कड दुसऱ्या कडेला नीट जुळवत होती. उजवा गठ्ठा डाव्यापेक्षा उंच झाला. तिच्या मानेवर लाल डाग होते. कानापर्यंत चढले होते. सगळ्यात शेवटी, तारखांच्या रांगेबाहेर ठेवलेल्या एका छोट्या चिठ्ठीपाशी ती थांबली. डॉक्टरांच्या पॅडचा अर्धा कागद, चार घड्या घातलेला. बाकी सगळे तिनं उलगडून ठेवले होते, हा नव्हता.

"हा मी तुम्हाला दाखवला नव्हता," ती म्हणाली. "कुणालाच नाही. आईंना तर नाहीच. ब्लाउजमध्ये घालून आणला होता घरी."

तिनं घड्या उलगडल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. तारीख त्याच्या त्या दुपारनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली होती.

"मोठ्यानं वाचा."

अक्षर गिचमिड होतं, पण वाचता येत होतं. "पुढील उपचारापूर्वी," त्यानं वाचलं, "पतीची तपासणी करून घ्यावी."

"मी म्हटलं, नको," ती म्हणाली. "लाजाळू माणूस. लागेल त्याला. त्यापेक्षा मीच पुन्हा टेबलावर जाते." तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "पुन्हा वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं.

"पुन्हा."